दादाच्या वहीतली एक खोटी ओळ

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवत होते. आमच्या मुरबाडच्या शाळेत फोन एकच, तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर. शिपाई तुकाराम वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना. मी त्याच्यावर खेकसले, "काय रे, दातखीळ बसली का?" तो म्हणाला, "बाई, कल्याणच्या स्टँडवरनं फोन हाय. तुमच्या भावाला बरं नाय." बरं नाही एवढंच सांगतात, हे बेचाळीस वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं. मला नाही कळलं. मी मुलांना पुढचं उदाहरण घातलं, हात पुसले आणि मग सावकाश गेले. फोनवर कोणी कंडक्टर होता, बिचारा फार चांगला माणूस. म्हणाला, ते बसमधून उतरले, बाकड्यावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि तसेच मागे टेकले... दादाच्या डायरीत पहिल्याच पानावर शाळेचा नंबर होता. पिशवीत टॉवेल होता, भाकरीचं फडकं होतं आणि एक रिकामा थर्मास. तो पुण्याला निघाला होता. त्या थर्मासातून परत येताना काय आणणार होता ते मला ठाऊक होतं, आणि ते आणायला जायची पाळी त्याच्यावर कोणामुळे आली तेही ठाऊक होतं. पाच आठवडे झाले. लोक भेटायला येतात, म्हणतात, कसा देवमाणूस होता हो, किती साधा. मी मान हलवते. साधा वगैरे काही नव्हता तो. हट्टी होता, घुमा होता, आणि त्यानं आयुष्यात एकदाच एक खोटं लिहिलं. त्या खोट्यानं त्याचं सगळं काम बुडायला आलं आहे. ते खोटं त्यानं माझ्यासाठी लिहिलं होतं, म्हणून मी हा लेख लिहायला बसले आहे.

आमचं गाव सरळगावच्या पुढं, किन्हवलीच्या रस्त्याला. घरासमोर भाताची खाचरं आणि लांबवर सिद्धगड. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. जीवरसायनशास्त्रात डॉक्टर झालेला आमच्या पंचक्रोशीतला तो पहिलाच, पण डॉक्टर म्हटल्यावर गावची माणसं त्याला गुडघे दाखवायला यायची आणि तो प्रत्येकाला तेवढ्याच गंभीरपणे सांगायचा की मी तसला डॉक्टर नाही. आमची आय शाळेत गेली नव्हती. तिनं एकदा चुलीपुढं नाचणीची भाकरी थापता थापता त्याला विचारलं, "दामू, तू करतोस तरी काय रे दिवसभर?" मी तिथंच होते. दादा पाटावर बसला होता. तो म्हणाला, "आय, पेशी म्हंजे एक बारकी खोली समज. आत काळोख. आत कोन कुठं बसलाय ते दिसत नाय. मंग मी एक असा कण बनवतो, जो आत जाऊन नेमका एकालाच चिकटतो. वरनं निळा उजेड टाकला की तो हिरवा चमकतो. चमकला की समजायचं, हा बघा हितं हाय." आय म्हणाली, "आनि दुसरा कसला तो?" तो म्हणाला, "दुसरा कुलपातला. तो आत जाऊन गुमान बसतो, कायच करत नाय. पन उजेड पडला की कुलूप निघतं नि तो कामाला लागतो. ज्या खोलीत मी उजेड टाकीन तेवढ्याच खोलीत. बाजूच्या खोलीत नाय." आयनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे एकदा का उजेड लागला, संपला त्याचा कारभार." दादा किती खूश झाला म्हणून सांगू. मोठ्या सभेत टाळ्या पडाव्यात तसा. "बरोबर बोललीस आय," तो म्हणाला. "एकदाच. परत कुलूप लागत नाय." मला हे सगळं तेव्हापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायलासुद्धा मला जागा नाही.

नव्वदच्या दशकात सुरुवातीची काही वर्षं तो मुंबईच्या एका संस्थेत होता. तिथं त्याची ओळख अरुंधतीबाईंशी झाली, त्या त्याच्याच टेबलाशेजारी काम करायच्या. पुढे त्या पुण्याला गेल्या आणि स्वतःची प्रयोगशाळा चालवू लागल्या. दादा मात्र मुंबई सोडून गावी परत आला. का आला हे त्यानं आयला कधी सांगितलं नाही, मला सांगितलं. त्याच्या वरिष्ठांना त्याच्या वहीतलं एक निरीक्षण नको होतं. खोटं लिही असं कोणी म्हणत नव्हतं, फक्त ते पान नवीन वहीत उतरवताना तेवढं राहून गेलं तर बरं, असं. दादा म्हणाला, वही उतरवून काढायची नसते. त्या एका वाक्यावर त्याची नोकरी गेली असं म्हटलं तरी चालेल. वहीचे त्याचे नियम होते. शाईनं लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला तारीख घालून सही करायची. मी एकदा शाळेच्या हजेरीपटावर पांढरा रंग लावून एक नाव दुरुस्त केलं तर या माणसानं मला जेवताना अर्धा तास ऐकवलं. मी म्हटलं, "अरे सातवी ब चा हजेरीपट आहे तो, कोण बघतंय?" तो म्हणाला, "म्हनून तर."

गावी आल्यावर शहापूरच्या एका कॉलेजात त्यानं नोकरी धरली. डोळखांबच्या पाड्यांवरून तंगडतोड करत येणाऱ्या मुलामुलींना तो रसायनशास्त्र शिकवायचा, संध्याकाळी एसटीनं घरी यायचा आणि मग त्याचा खरा दिवस सुरू व्हायचा. घरात मागच्या बाजूला कणगी ठेवायची खोली होती. कणगी रिकामीच असायची, ती त्यानं पडवीत काढली आणि खोलीचा ताबा घेतला. खिडकी विटांनी बुजवली, उजेड येऊ नये म्हणून दाराच्या चौकटीला आतून काळ्या लोकरी नमद्याची पट्टी चिकटवली. मुरबाडच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून लाल बल्ब आणला, आणि फोटोचे कागद ज्यात येतात तो जाड काळा कागद त्याच्याकडूनच मागून आणायचा. त्या कागदात गुंडाळलेल्या बोटाएवढ्या काचेच्या कुप्या. कुठल्या तरी संस्थेनं मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक त्यानं दोन वर्षं खपून दुरुस्त केला. फ्रिज होता, पण आमच्याकडच्या लोडशेडिंगला फ्रिज काय करणार, म्हणून बर्फ घातलेला थर्मास. वीज असेल तेव्हा मोजमाप, नसेल तेव्हा हिशेब. मी त्याला म्हणायची, तुला लग्न करायला वेळ नाही आणि भाताच्या मुळ्या बघायला आहे. कारण काम भाताच्या मुळांवर चाललं होतं. डोळखांबच्या एका विद्यार्थिनीच्या घरचं जुनं बियाणं आणून तो ओल्या कागदावर रोपं काढायचा. प्रश्न असा होता की मुळाच्या टोकाशी एका पेशीला काही कळलं, पाणी आलं म्हणा, पाणी गेलं म्हणा, तर ते बाजूच्या पेशीला कळतं का, आणि कसं? त्या एकाच पेशीवर टाचणीच्या टोकाएवढा उजेड टाकायचा, आतला कुलपातला रेणू मोकळा करायचा, आणि शेजारच्या पेशीत चमक दिसते का ते बघायचं. अरुंधतीबाईंनी वर्षभर खपून तो कुलपातला रेणू बनवून दिला होता. त्याच्या कुप्या मोजक्या. बाईंनी सांगितलंच होतं, दामोदर, परत मागू नकोस.

आणि त्याला ते दिसलं. पौष लागायच्या आधीच दिसलं. त्या शनिवारी मी घरी गेले तर तो पडवीत उभा होता, डोळे लाल, दाढी वाढलेली. "सुमे," तो म्हणाला, "शेजारनीला कळतं गो." पण एकाच बाजूच्या शेजारणीला कळतं, दुसरीला नाही, आणि त्यात कुठं तरी असं काही होतं जे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं मला आत नेऊन दाखवलं. मला एक हिरवट ठिपका दिसला, मग त्याच्या बाजूला दुसरा, जरासा उशिरा. मी म्हटलं, छान आहे. तो हसला. मुख्य मोजमापं सगळी झाली होती, वहीत तारखांसकट लिहून झाली होती. आता एकच बाकी होतं. तेच सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून करायचं आणि तसंच येतं हे दाखवायचं. तेवढ्यापुरत्या कुप्या त्यानं राखून ठेवल्या होत्या. "हे झालं की लिवून पाठवायचं," तो म्हणाला. "मंग मला कोन विचारनार नाय, तू मुंबई का सोडलीस." हे त्याच्या मनात इतकं खोल होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

त्याच पौषात आय गेली. तीन दिवस ताप, आणि गेली. मी दहा दिवस माहेरीच होते. आयचं दुःख काय सांगू, पण दुःखाबरोबर माझ्या डोक्यात राग भरला होता, कोणावर ते मलाच कळत नव्हतं. आमच्याकडे दहाव्या दिवशी पुरुषमाणसं नदीवर जातात आणि मागं बायका सुतक काढतात. घर सारवायचं, होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, पुसायचं आणि उन्हात घालायचं. घरातली एकही वस्तू उन्हाला न दाखवता आत ठेवायची नाही. आयनंच शिकवलेलं हे, आजीच्या वेळी तिनं लोणच्याच्या बरण्यासुद्धा बाहेर मांडल्या होत्या. आदल्या दिवशी दादा मला म्हणाला, "सुमे, उद्या सगळं कर, माझ्या खोलीला हात लावू नको." मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "आयच्या सुतकात तुझी एक खोली तशीच ठेवायची? ती मेली तेही तुझ्या कामाच्या आड आलं का?" असं बोलले मी. सख्ख्या भावाला. तो नुसता म्हणाला, "हात लावू नको एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवर गेला. शेजारची जनीकाकी मदतीला आली होती, ती मागच्या परसात शेण कालवत होती. मी पुढचं घर काढलं, माजघर काढलं, गोधड्या धुऊन कुंपणावर टाकल्या. सगळं घर रिकामं झालं, आणि ती एक खोली बंद. मी तिच्यापुढून चारदा गेले असेन. पाचव्यांदा दार उघडलं. मला वाटत होतं की मी आयसाठी करते आहे. खरं म्हणजे मी त्याला धडा शिकवत होते. स्टूल बाहेर काढलं, टेबलावरचे कागद काढले, वही पुसून देवळीत ठेवली. दाराच्या चौकटीवरची ती काळी पट्टी जळमटांनी माखलेली वाटली, ती ओरबाडून काढली. सूक्ष्मदर्शक मला हलेना म्हणून राहिला. मग थर्मास उघडला, पाणी ओतून दिलं, कुप्या काढल्या. त्यांच्यावरचे काळे कागद ओले होऊन चिकटले होते, ते सोलून टाकले. कुप्या फडक्यानं स्वच्छ पुसल्या आणि सुपात ओळीनं मांडून ओट्यावर ठेवल्या. पौषातलं ऊन, नुसतं लख्ख. चुलीपुढं बसून आय जे एका वाक्यात समजली होती ते मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ते पुरतं आठवू दिलं नाही मी.

दुपारी तो परत आला. डोक्याचं मुंडण केलेलं, ओलं धोतर खांद्यावर. अंगणात आला आणि सुपाकडे बघत उभा राहिला. मी पोतेरं हातात घेऊन दारात उभी. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायला हवं होतं. त्यानं विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "सकाळपासून." तो खाली बसला, एक कुपी उचलली, उजेडाकडे धरली, म्हणजे आता धरली काय आणि न धरली काय. मग म्हणाला, "कावळा लगेच शिवला गो. आयचं काय राहिलं नव्हतं." आणि सूप उचलून आत गेला. संध्याकाळी मी विचारलं, "दादा, फार वाईट झालं का?" तो म्हणाला, "होतं परत करता." मी त्याच्या शब्दावर विसंबले. सोयीचं होतं ना.

पुढचे आठ महिने. त्यानं चौकटीला नवी पट्टी लावली. अरुंधतीबाईंना पत्र लिहिलं, काय लिहिलं ते मला सांगितलं नाही. बाई आधी नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, आणि श्रावण संपता संपता त्यांचा निरोप आला की कुप्या तयार आहेत, घेऊन जा. म्हणून तो थर्मास घेऊन निघाला होता. कल्याणपर्यंत पोचला.

तीन आठवड्यांनी अरुंधतीबाई स्वतः आल्या. साठीकडे झुकलेल्या, काठी टेकत, मुरबाडपासून जीपमध्ये चेपून आलेल्या. त्यांना दादाचं काम त्याच्या नावानं छापायचं होतं. म्हणाल्या, "पुन्हा करून दाखवायचं राहिलं असलं तरी पहिली मोजमापं पक्की असतील तर मी ती घेऊन उभी राहीन. त्याची वही हीच माझी साक्ष. मुंबईत आम्ही म्हणायचो, दामोदरनं लिहिलंय ना, मग तपासायला नको." मी त्यांना खोलीत नेलं, वही दिली. त्या स्टुलावर बसून वाचू लागल्या. वाचताना हसल्या, एकदा डोळे पुसले. मी दारात उभी होते, आणि खरं सांगते, आय गेल्यापासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटत होतं. मग त्यांचा हात एका पानावर थांबला. त्यांनी वही माझ्यापुढं धरली. आयच्या दहाव्याची तारीख. दादाचं बारीक, सरळ अक्षर. "काळ्या खोलीच्या दाराला फट आढळली. कुप्यांना उजेड लागला असावा. केव्हापासून ते सांगता येत नाही. निष्काळजीपणा माझा." आणि खाली सही.

मी म्हटलं, "फट? कुठली फट?" बाई हळू आवाजात म्हणाल्या, "केव्हापासून ते सांगता येत नाही, असं तो म्हणतोय. म्हणजे पहिली मोजमापंही संशयात आली. कुलपं आधीच निघालेली असतील तर त्याला जे दिसलं त्याला अर्थ नाही." मी त्यांना सगळं सांगितलं. सुतक, सूप, ओटा, ऊन, माझं बोलणं, सगळं. रडले, ओरडले. फट नव्हती हो, मी होते. एक दिवस, एक सकाळ. त्याच्या आधीचं सगळं स्वच्छ आहे. बाईंनी माझा हात धरला. उठून त्यांनी दार नीट पाहिलं. चौकटीवरची पट्टी नवीकोरी, म्हणजे जुनी काढून टाकल्याची खूण. फट बुजवणारा माणूस नेमकं हेच करील. मी म्हटलं, जुनी मीच ओरबाडून काढली. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं.

मग मी जनीकाकीला बोलावलं. काकीला मी घाईघाईनं विचारलं, "काकी, दहाव्याला आपण दादाच्या खोलीतलं सामान उन्हात घातलं, आठवतं ना?" काकी म्हणाली, "गोधड्या घातल्या गो. भांडी घातली. मी मागं शेन कालवत व्हती, दामूची खोली मला काय ठावं." मी म्हटलं, "सुपात काचेच्या कुप्या होत्या." ती म्हणाली, "आसतील." बाईंनी तिला वहीत काय लिहिलंय ते समजावून सांगितलं. काकीनं वहीला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दामूनं लिवलंय ना पोरी? मंग तसाच आसंल. तो खोटा नाय लिवायचा." मी कपाळावर हात मारून घेतला. पुण्याच्या शास्त्रज्ञ बाई आणि आमची जनीकाकी, दोघी एकच बोलत होत्या.

बाई त्या दिवशी मुरबाडला माझ्याकडे राहिल्या. जेवताना त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि स्पष्ट सांगितलं याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "तुम्ही खरं बोलता आहात असं मला वाटतं. पण मी एकटीनं मानून भागत नाही. भाऊ गेल्यावर बहीण त्याच्यासाठी असं म्हणेलच, असं कोणीही म्हणेल. एका बाजूला तुमचं बोलणं, आणि दुसऱ्या बाजूला त्याचं त्या दिवशीचं अक्षर. ज्या माणसानं एक ओळ गाळली नाही म्हणून नोकरी सोडली त्याचं." मी विचारलं, "मग आता?" त्या म्हणाल्या, "आम्ही ते पुन्हा करू. माझी मुलं करतील. वर्ष लागेल, दोन लागतील. आलं तसंच तर छापू. पण मग ते आमचं काम होईल. त्याचं नाव शेवटी आभारात येईल." आभारात. मी म्हटलं, मी ती ओळ त्याच्याच नियमानं खोडते, एक रेघ, तारीख, माझी सही, खाली खरं काय ते लिहिते. बाईंनी वही झटकन जवळ घेतली. त्या घाबरल्याच. गेलेल्या माणसाच्या वहीत दुसऱ्याचा हात लागला तर उरलेल्या पानांचीही किंमत जाईल, म्हणाल्या. सकाळी त्या वही घेऊन पुण्याला गेल्या. मी त्यांना जीपमध्ये बसवून आले आणि तशीच शाळेत गेले. दुसरं काय करणार होते?

मग वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहावं असं मनात आलं. इथं मला खोडायला कोणी अडवत नाही. दार मी उघडलं, पट्टी मी काढली, कुप्या मी उन्हात मांडल्या, आयच्या दहाव्या दिवशी, सकाळी. त्याच्या आधी त्या खोलीत उजेडाचा कण गेला नव्हता. वर्तमानपत्रातलं कात्रण पुरावा म्हणून चालत नाही हे मला बाईंनी न सांगताही कळतं. तरी लिहिते आहे. कारण त्यानं असं का केलं असेल ते डोक्यातून जात नाही. इतका काटेकोर माणूस. नुसतं "कुप्यांना ऊन लागलं" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं, माझं नाव घालायची काही गरज नव्हती. फट कशाला शोधून काढायची?

त्याचं उत्तर मला परवा त्या खोलीत बसले तेव्हा मिळालं. मी माहेरी गेले होते, कुलूप काढलं, स्टुलावर बसले. टेबलावर वहीच्या जागी धूळ कमी होती, तेवढा चौकोन दिसत होता. त्या स्टुलावर मी कितीदा तरी बसले आहे. शनिवारी अर्धी शाळा असायची, मी एसटीनं गावी यायची, आय चहा ठेवायची आणि चहा होईस्तोवर मी आत जाऊन त्याची आठवड्याची पानं वाचायची. निम्मं कळायचं नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढायची, त्याला चिडवायची, काय रे डॉक्टर, वेलांटी कुठली ही. ती वही वाचणारी माणसं जगात दोनच होती, एक तो आणि एक मी. अरुंधतीबाई कधी तरी वाचतील हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार, त्याला तर सगळं नव्या कुप्यांवर पुन्हा करायचं होतं, मग हे पान कोण बघतंय. ती ओळ त्यानं शास्त्रासाठी लिहिलीच नव्हती. शनिवारी सुमी येईल, पान उघडेल, वाचेल, आणि तिला वाटेल की उजेड आधीच लागलेला होता, आपण उन्हात घातलं तेव्हा नासायला काही उरलंच नव्हतं. एवढ्यासाठी लिहिली होती.

मी त्या शनिवारी आत गेले नाही. कुठल्याच शनिवारी गेले नाही. त्या खोलीत पाय टाकायची मला लाज वाटायची. चहा आता तो करायचा, मी ओटीवर बसून प्यायची आणि शेवटच्या गाडीची घाई दाखवून निघायची. एकदा त्यानं विचारलंही, "वही नाय बघायची?" मी म्हटलं, "पेपर तपासायचेत." तो बरं म्हणाला. वाचली असती तर मी भांडले असते. मला ओळखता ना तुम्ही आता, मी सोडलं नसतं. हे काय लिहिलंयस म्हणून वही त्याच्यापुढं आपटली असती, आणि त्याच्याच हातून ती ओळ खोडून घेतली असती, एक रेघ, तारीख, सही. आठ महिने ते पान आत तिथंच होतं, आणि मी बाहेर ओटीवर चहा पीत बसले होते.